ओवीच्या दंडावरचा वळ

"हात वर कर. आता दुसरा. मान खाली घाल. हलू नकोस गं, अजून राख निघतीय." वाफेनं भरलेल्या न्हाणीत आईचा आवाज तेवढा उरायचा, आई दिसायची नाही. एकलहऱ्याच्या कॉलनीतलं ते क्वार्टर, बाहेर वीजकेंद्राची धुराडी, दोरीवरच्या कपड्यांवर रोज बसणारी बारीक करडी राख, बॉयलरवरची पाळी संपवून दारात बूट झटकणारे बाबा, आणि आईची पक्की समजूत की थोरल्या पोरीच्या अंगावर बसलीय ती बापाच्या कारखान्याची राख आहे, घासली की निघेल. टाचा घासायची वजरी ती उल्काच्या पाठीवर चालवायची. मग मसुरीचं पीठ, मग लिंबाची फोड. लिंबू झोंबलं की उल्का खालचा ओठ दातांत धरायची. बाहेर पाटावर धाकटी नमिता पाय हलवत बसलेली असायची, तिचे दोन तांबे अंगावर पडले की तिची सुटका. राख काय तिच्यावर पडत नव्हती? पण नमिताच्या राखेबद्दल त्या घरात कधी कुणी बोललं नाही. कोपरापाशी रक्त दिसलं की आई थांबायची, पदराच्या टोकानं टिपायची आणि हळू, जवळजवळ मायेनं म्हणायची, "तुझ्यावर उमटत नाही बाई काही. नमीला नुसतं बोट लावलं तरी दिसतं." म्हणून घरात मार द्यायची वेळ आली की तो उल्काला मिळायचा. दोघींनी मिळून बरणी फोडली तरी. उमटत नसे ना.

चौतीस वर्षांनी तो आवाज दोह्यातल्या अल अझीझियाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आला, सोमवारी दुपारी, एसीच्या घरघरीतून. उल्का भेंडी चिरत होती. ओट्यावरचा फोन थरथरला. ओवीच्या बॅलेच्या वर्गातल्या आयांचा ग्रुप होता आणि विभावरीनं एक फोटो टाकला होता. एक सावळा, सावळ्याहून गडद असा दंड, फ्लॅशमुळे तेल लावल्यासारखा चकाकणारा. त्याच्यावर लांबट गोल सूज, कोंबडीच्या अंड्याएवढी, एका कडेला सरळ रेघ ओढल्यासारखी धार. रंग जवळजवळ नव्हताच. फुगवट्यावरूनच कळायचं. कुणी मारलं असेल एवढं, असं उल्काच्या मनात आलं. खरोखर आलं, पुरतं एक श्वासभर आलं, आणि त्या श्वासात तिला त्या अनोळखी आईचा संताप आला. मग कोपराच्या वरचा तीळ दिसला. तो तीळ तिनं तेरा वर्षं साबणानं धुतला होता. विळी बाजूला सरकवून ती उभीच राहिली. फोटोखाली विभावरीनं इंग्रजीत लिहिलं होतं की काल चेंजिंग रूममध्ये माझ्या निशिगंधानं हे पाहिलं, आकार नीट बघा, हा पॉइंट शूचा आहे, आणि वर्गात शू हातात घेऊन कोण फिरतं हे मी सांगायला नको.

सांगायला नकोच होतं. पॉइंट शू दिसायला साटीनचा नाजूक जोडा, फिक्या गुलाबी रंगाचा, पण चवड्याकडचं टोक कापडाला खळीचे थर देऊन लाकडासारखं कडक केलेलं. त्या टोकावर पोरगी अख्ख्या देहाचा भार तोलते. अबू हमूरच्या व्हिलात चालणाऱ्या त्या स्टुडिओतल्या मिस वांजिरू नवा जोडा आला की आधी तो दाराच्या चौकटीवर आपटायच्या, तळवा उलटा दुमडायच्या, टोक पायरीवर ठेवून टाचेखाली रगडायच्या. मुली डोळे मिटून घ्यायच्या. मऊ केला नाही तर तो तुमची बोटं सोलेल, म्हणायच्या. शिकवताना एक जुना जोडा त्यांच्या हातात असायचाच, भिंतीलगतच्या लाकडी दांड्यावर त्या त्यानं ताल द्यायच्या, ठक, ठक, ठक. नैरोबीच्या, उंच, काळ्याभोर, डोक्याला लागून कापलेले केस, मान अशी की पाठीमागून हाक मारायची छाती होऊ नये. ग्रुपवर भराभर उतरू लागलं. त्या लोकांचा हातच जड असतो. बॅलेला रशियनच हवी, मी आधीपासून म्हणतेय. मला तर पहिल्या दिवशी ही झुंब्याची टीचर वाटली होती. त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, एका ओळीत पाच. उल्काच्या बोटांना भेंडीची तार लागली होती. तिनं ती गाऊनला पुसली आणि लिहिलं, 'ओह गॉड'. पाठवलं. मारण्यापेक्षा हे सोपं गेलं, आणि हाताला काहीच लागलं नाही.

कारण हाताला लागलेलं रविवारचं अजून उतरलं नव्हतं. उजव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी, तो धक्का होता. सुरुवात रविवारीही नव्हती, गुरुवारी होती. वार्षिक कार्यक्रमात मधली जागा कुणाची ते मिसनी सांगितलं: ओवीची. विभावरीची निशिगंधा तिच्या डावीकडे, एक पाऊल मागे. पार्किंगमध्ये उन्हानं गाड्यांच्या काचा पेटल्या होत्या, आणि विभावरी गॉगल केसांवर सारून म्हणाली, "अभिनंदन गं. खरं सांगू का, तुझी ओवी आणि त्या मिस, नाचताना अगदी मायलेकी वाटतात." सदाशिव पेठेतून थेट दोह्यात उतरलेलं तिचं मराठी, काठाकाठानं कापणारं. बाकीच्या दोघीतिघी हसल्या, मराठी न कळणाऱ्याही हसल्या. उल्का हसली सगळ्यांत आधी. गाडीत बसल्यावर आरशात तिला ओवी दिसली, घामानं ओली, खिडकीला डोकं टेकलेली, गळ्याची शीर उडणारी, सुंदर, आणि त्या सुंदर असण्यावर उल्काला इतका राग आला की तिनं सीटबेल्ट दोनदा चुकीच्या खाचेत घातला.

आणि रविवारी दुपारी तीनला, वर्गाला तासभर असताना, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ओवी आपला पहिला पॉइंट शू रंगवत होती. उल्काच्याच फाउंडेशनची बाटली, थोडं पाणी, स्पंजचा तुकडा. गुलाबी साटीन ओलं होऊन तपकिरी होत चाललं होतं. एक जोडा पुरा झाला होता, ओवीच्या पायासारखाच दिसत होता, कुणी पायच कापून कागदावर ठेवावा तसा. हे मिसनीच शिकवलं होतं. काळ्या नर्तकी असंच करत आल्यात म्हणे, कितीतरी वर्षं. दुकानात 'अंगाच्या रंगाचे' म्हणून मिळतात ते गुलाबी, म्हणून आपल्या अंगाचा रंग आपणच कालवायचा आणि जोड्याला द्यायचा, म्हणजे पायाची रेघ कमरेपासून अंगठ्यापर्यंत कुठे तुटत नाही. ओवी जीभ बाहेर काढून, एकाग्र, कडेकडेनं स्पंज टेकवत होती. उल्कानं विचारलं हे काय. ओवी मान वर न करता, आनंदानं, म्हणाली, "इट्स जस्ट माय कलर, ममा."

त्यानंतर पुष्कळ काही घडलं नाही. उल्कानं जोडा उचलला, वाळलेला, आणि मारलं. दंडावर, दंडावर आणि पाठीत. टोकाकडून. आवाज तसाच आला, ठक, जसा दांड्यावर यायचा, फक्त मधे मांस असल्यानं दबलेला. आपण काय बोलत होतो ते तिला नंतर आठवलं नाही, 'पूस, पूस ते' असं काहीतरी. बाटली कलंडली आणि तिच्याच रंगाचा ओघळ ओट्यावरून खाली ठिबकू लागला. ओवी पळाली नाही. पळायला दार उघडं होतं. ती उभी राहिली आणि आईकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात भीती असती तर उल्का थांबली असती. भीती नव्हती. ओळख होती. पोरीला कळलं होतं की हा मार तिच्यासाठी नाही, तिच्यामागे न्हाणीत उभ्या असलेल्या कुणा दुसऱ्या पोरीसाठी आहे. मग उल्कानं कापडात बर्फ बांधून दिला, केसांवरून हात फिरवला, आणि आईच्याच हळू, मायेच्या आवाजात तिच्या तोंडून आलं, दिसत नाहीये काही. मुलींना वर्गाला नेणाऱ्या संपतची गाडी खाली आली होती. पांढरा श्रग घालून ओवी वर्गाला गेली.

मिसचा हात एकदा उल्काच्या हाताला लागला होता. दोन महिन्यांपूर्वी. स्टुडिओच्या मागच्या पायऱ्यांवर, लिंबाच्या सावलीत. होय, कडुलिंबच, इथल्या खाऱ्या मातीत कुणी जगवलेला. उल्का जोड्यांना रिबिनी शिवून देत होती, तिचा टाका बारीक म्हणून मिसनीच मागितलं होतं. शिवता शिवता मिस बोलत गेल्या, साध्या इंग्रजीत, तुकड्यातुकड्यांनी. नैरोबीत एका शाळेच्या खोलीत शिकल्या, आरसा नव्हता, दांडा म्हणून बाकं धरायची, खालची फरशी फुटकी. मग शिष्यवृत्ती, एक थंड देश. तिथल्या बाई वेताच्या काठीनं त्यांचा मागचा भाग आत ढकलायच्या, हा तुझा ढुंगणाचा भाग या रांगेतला नाही म्हणायच्या. रोज. तिथे काळे निळे डाग पडले होते, कुणाला दिसले नाहीत, असं मिस म्हणाल्या तेव्हा उल्काच्या हातातली सुई थांबली. बॅले कंपनीत घेतलं ते मागच्या रांगेत. हंसांच्या नाचात बत्तीस हंस, सगळे पांढरे हवेत म्हणून रोज संध्याकाळी ओली पावडर मानेला, दंडांना, पाठीला, आणि घाम आला की पांढऱ्यात काळे ओघळ. एक दिवस भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यानं त्यांनी ती पावडर खरवडून काढली. कातडीसकट निघाली. दुसऱ्या दिवशी पावडर लावणार नाही म्हणाल्या. बदली मुलीचा पाय मुरगळला होता, म्हणून तसंच पाठवावं लागलं. मग काय झालं, उल्कानं विचारलं. मिस हसल्या. काही नाही, कुणी उठून गेलं नाही, एक म्हातारी रडली, बाकीचे घड्याळ बघत होते. पण मला कळलं की आभाळ पडत नाही. दोन वर्षांनी पहिल्या रांगेत, आणि त्यानंतर चार वर्षं एकटी, मध्ये, गुडघा जाईपर्यंत. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचंच की उड्या बऱ्या मारते, पण हळुवारपणा यांच्या रक्तात नाही. मग मी हळुवार नाचायचे आणि त्यांच्याकडे बघायचे. हे सांगून मिसनी सहज आपला हात उल्काच्या हाताशेजारी ठेवला, मनगट मनगटाला लावून, आणि म्हणाल्या, "बघ, तुझी नि माझी शेड किती जवळची आहे. ओवीला तुझंच फाउंडेशन चालेल." उल्कानं हात काढून घेतला. विस्तवावरून काढावा तसा. मग रिबिनीचा गुंता सोडवल्यासारखं केलं. मिसनी आपला हात तिथेच पायरीवर राहू दिला, कितीतरी वेळ, एखादी वस्तू विसरावी तसा.

शाळेच्या गॅदरिंगला उल्कालाही नाचायचं होतं. पाचवीत. तिचा पाय सगळ्यांत हलका पडायचा, हे बाईंनीच कबूल केलं होतं. पण गवळणींत तिला घेतलं नाही. तिच्यासाठी पुठ्ठ्याचं झाड केलं आणि झाडामागे उभं केलं, फांदी हलवायला. तरी आईनं घरून तोंडाला पावडर फासून पाठवलं होतं, जाड, चुन्यासारखी. झाडामागे कुणी बघत नव्हतं म्हणून उल्का नाचली. सगळं गाणं नाचली. फांदी हलवायची राहून गेली. घरी आल्यावर आईनं विचारलं, झाड का गं हललं नाही, आणि ओल्या टॉवेलला पीळ देऊन. टॉवेलचा पीळ उमटला नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला मुक्ताबाई आल्या, सिन्नरकडच्या, काळ्या, थकलेल्या, हाताला सदा राखुंडीचा वास. उल्का न्हाणीच्या उंबऱ्यावर बसलेली त्यांनी बघितली. तवा उलटा घेतला, त्याची काजळी खरवडता खरवडता स्वतःशीच गुणगुणल्या,

सावळी माझी लेक, नका म्हणू गं कुणी काळी
तव्याच्या पाठीवरी, ठिणग्यांची दिवाळी

चुलीवरून तवा उतरला की त्याच्या पाठीवरची काजळी लुकलुकते, त्याला तवा हसला म्हणतात, हे त्यांनी तिला दाखवलं होतं. दहाएक वर्षं पोरीच्या मनात ती ओवी राहिली, आणखी दहा वर्षं बाईच्या मनात, आणि मुलगी झाली तेव्हा नाव ठेवायला तेवढीच एक गोष्ट तिच्यापाशी होती जी कुणी घासून काढली नव्हती. गुरुप्रसादच्या घरच्यांना वाटलं, संतसाहित्याची आवड दिसते सुनेला. नाव ठेवलं ओवी, आणि त्याच हातानं महिनाभराच्या तान्हीला डाळीचं पीठ लावलं. हळूच, मऊ कापडानं. वजरी नाही, वजरी कधीच नाही, असं ती स्वतःला बजावत आली होती. तेरा वर्षं तिनं हा हिशोब चोख ठेवला होता की आपण आईसारख्या नाही.

गुरुप्रसाद सोमवारी संध्याकाळी रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून बसनं आला. तो बूट काढत असतानाच उल्कानं त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. वेल्डिंगच्या जोडात चीर सापडल्यावर बोलत असेल तशा आवाजात बोलला. इथे पोरांना मारल्याची तक्रार म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही, आधी शाळा, मग पोलीस, मग माझी एचआर. पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला आहे. ओवी म्हणतेय ना पडले? मग पडली. त्या बाईंचं काय, उल्कानं विचारलं. त्यानं मोजे गुंडाळून बुटात कोंबले. "त्या एकट्या आहेत, कुठेही मिळेल त्यांना काम. आपण तिघं आहोत. दोन दिवस गप्प राहा, खलास होईल विषय, इन्शाल्ला." मग तो ओवीच्या खोलीत गेला, दाराशीच उभा राहिला, काहीतरी विनोद केला. ओवीनं हसून दाखवलं. तिचं ते हसून दाखवणं उल्कानं पॅसेजमधून ऐकलं आणि तिला न्हाणीबाहेरची नमिता आठवली नाही, आपण स्वतः आठवलो, आठ वर्षांच्या, बाबांना 'काही नाही झालं' म्हणणाऱ्या.

मंगळवारी चारला स्टुडिओत बैठक होती. संपत गाडी घेऊन आला. तो जालन्याकडचा, सात वर्षं इथे, अल वक्ऱ्याला सहाजणांत एक खोली, दोन्ही मुलींना वर्गाला तोच न्यायचा. आज निशिगंधा विभावरीबरोबर गेलेली, म्हणून मागे फक्त ओवी, कानांत तार घालून. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा संपत समोर बघतच बोलला. "वैनी, विभावरीम्याडमचा फोन आल्ता. त्या काळ्या बाईबद्दल इचारीत होत्या, तुम्ही कधी मारताना बघितलं का म्हणून." मग, "रविवारी जाताना पोरीला गाडीचं दार वढवत नव्हतं. डाव्या हातानं वढलं. जाताना, येताना न्हाई. मला पुन्हा इचारलं तर म्या काय सांगू?" त्याच्या आवाजात धमकी नव्हती, हेच वाईट होतं. तो खरंच विचारत होता, मालकिणीकडून हुकूम घ्यावा तसा. सिग्नल सुटला. उल्का म्हणाली, तुम्हाला वाटेल ते सांगा. संपतनं मान हलवली. मला वाटून काय हुतंय वैनी, म्हणाला, माझ्या वाटण्यावर व्हिसा निघत नसतोय. आणि मग मॉलच्या वळणापाशी, उगाचच सांगितल्यासारखं म्हणाला की ती बाई रोज पोरींना गाडीतून उतरवून घेताना त्याला शुक्रन म्हणते, आभार मानते, आणि एवढ्या वर्षांत असं म्हणणारी तीच एक.

स्टुडिओच्या तीन भिंतींना आरसे होते. खुर्च्या मधोमध मांडल्यामुळे सगळे लोक तिप्पट झाले होते. मालकीणबाई लेबनॉनच्या, मॅडम रीमा, समोर टेबलावर एक टाइप केलेला कागद. विभावरी, आणखी दोघी आया. मिस वांजिरू बसल्या नव्हत्या, दांड्याशी उभ्या होत्या, हात मोकळे, आज जोडा नव्हता. उल्का बसली आणि आरशात न बघायचं ठरवलं, पण जिकडे मान वळवावी तिकडे तीच होती. मॅडम रीमा थकलेल्या होत्या. पोलिसात जायचं नाही असं पालक म्हणताहेत, म्हणाल्या, ही त्यांची मेहेरबानी. मिसनी राजीनाम्यावर सही करावी, कारण घरगुती म्हणून लिहू, महिन्याभरात देश सोडावा, आणि स्टुडिओ यापुढे काही बोलणार नाही. मिसनी विचारलं, मुलीला विचारलंत? विचारलं होतं, तीनदा. पुन्हा विचारलं. ओवी आईशेजारी बसली होती, गुडघे जुळवून, आणि नेहमीच्याच सुरात म्हणाली की जिन्यावर पडले. विभावरीनं जिभेचा आवाज केला. बघा, किती दहशत बसलीय लेकराच्या मनात, म्हणाली, तिच्याचसमोर कशी बोलेल ती. आणि तिचे डोळे खरेच भरले होते, हे उल्काला दिसलं. विभावरी खोटं बोलत नव्हती. तिला जे दिसायचं होतं तेच तिला दिसलं होतं, अगदी मनापासून.

मिस दांडा सोडून पुढे आल्या. ओवीसमोर उकिडव्या बसल्या, गुडघ्याचा कटकन आवाज झाला. हात लावला नाही. नुसतं दंडाकडे बघत राहिल्या, खूप वेळ, शिवणीचा टाका तपासावा तसं. मग उठून शांतपणे सांगितलं की मी ही खूण ओळखते, माझ्या अंगावर होती. मारणारा जवळ उभा होता, उजव्या हाताचा, आणि मूल जागचं हललं नाही. अनोळखी माणसानं मारलं तर मूल पळतं. एवढं बोलून त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही. बघितलं असतं तर उल्का मेली असती, किंवा सुटली असती. त्यांना कळलं होतं. पायरीवर हात राहू दिला होता तसंच हेही त्या राहू देत होत्या. बोलल्या तर पोरीला आईपासून तोडतील, हा विचार त्यांच्या मानेच्या ताठ शिरेतून उल्काला वाचता येत होता. मॅडम रीमांनी पेन पुढे केलं. यल्ला, चला, म्हणाल्या, दमून, संपवूया. मिसनी पेन घेतलं. त्यांच्या हाताच्या पाठीवर, मनगटाजवळ, तारेच्या चोथ्याचे जुने पांढरट ओरखडे होते, आणि पेन त्या हातात फार लहान दिसत होतं. पर्समध्ये फोन थरथरला. गुरुप्रसादच असणार. उल्काच्या उजव्या तळव्यात रविवारचा धक्का पुन्हा आला, ताजा, आणि तिला कळलं की तो उतरणार नाही. ही सही झाली तर तो तळव्यातून दंडात जाईल, दंडातून बोलण्यात, आणि मग कधीतरी ओवीच्या हातात, तिच्या लेकीसाठी.

ती उभी राहिली. "त्यांनी नाही मारलं. मी मारलं."

मराठीत बोलली होती, तिचं तिलाच कळलं नाही. मॅडम रीमांनी विभावरीकडे बघितलं, काय म्हणाली म्हणून. विभावरीचं तोंड किंचित उघडं राहिलं. मग ती हलक्या हातानं पर्सची चेन ओढत म्हणाली, नथिंग, शी इज अपसेट. आणि मराठीत, दातांखाली, "खाली बस उल्का, काय बोलतेयस कळतंय का तुला." उल्कानं तिच्याकडे बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं, मोडक्या, शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा. रविवारी. घरी. तीन वेळा. हिच्याच शूनं. कागदावर काय लिहायचं ते माझ्या नावानं लिहा. एक खुर्ची मागे सरकली. कुणीतरी अरबीत काहीतरी पुटपुटलं. ओवीनं आईच्या कुर्त्याचं टोक धरलं आणि खाली ओढलं. बस, बस, असं ओढणं होतं ते, आईला वाचवायचं, आणि उल्काला ते मारापेक्षा लागलं.

मिसनी पेन टेबलावर ठेवलं. इतका वेळ न चढलेला आवाज आता चढला, पहिल्यांदाच, आणि त्यात दया नव्हती.

"का?"

याला इंग्रजी नव्हतं. हिंदी नव्हतं. उल्का लेकीकडे वळली, खाली बसली, फरशीवर, तिच्या पायांपाशी. ओवी मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची, पण कळायचं तिला सगळं. आजवर कधी तिच्या घरात न उच्चारलेला शब्द, सावळी-गव्हाळ-निमगोरी असं म्हणत चुकवलेला, उल्काच्या तोंडात आला आणि तिनं तो गिळला नाही.

"ओवी, मी काळी आहे. आणि तुझं तसं काही चुकलं नव्हतं गं, तू फक्त माझ्यासारखी दिसलीस, म्हणून मारलं."